टाकलेलीचे गाणे

आंबेडकरी गाण्याविषयी आजवर जे लिहिले गेले आहे ते बहुतेक सगळे मंचावरच्या गाण्याविषयी आहे. जलसा कसा उभा राहिला, तमाशातली गण-गौळण टाकून त्याने नवा गण कसा बांधला, सभेच्या आधी कोण गायले आणि सभेनंतर कोण गायले, हे सारे नोंदवणे आवश्यकच होते. भीमराव कर्डकांनी 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक लिहून ठेवले नसते तर त्या पिढीचे अर्धे काम मातीत गेले असते. पण गाणे मंचावर संपत नाही. सभा उठते, बत्त्या विझतात, बाई झोपलेले पोर खांद्यावर टाकून घरी येते, आणि दुसऱ्या दिवशी भांडी घासताना त्यातलेच एखादे गाणे स्वतःशी म्हणू लागते. तिथे त्या गाण्याचे काम बदललेले असते. ते आता कुणाला जागे करीत नसते, तिला धीर देत असते.

या कामाला सांत्वन म्हणतात, आणि आपल्या समीक्षेला या शब्दाची लाज वाटते. विद्रोह, नकार, बांधिलकी हे आपले शब्द. सांत्वन हा शब्द आपण कीर्तनकारांना आणि भावगीतवाल्यांना देऊन टाकला आहे. कुणी घर मोडल्याचे गाणे म्हटले की ते 'रडगाणे' ठरते. ज्यांना रडायला सवड होती त्यांच्या रडण्याचे साहित्य झाले. ज्यांना नव्हती त्यांच्या रडण्याची नोंदही होऊ नये, हा कुठला न्याय?

आमच्या नाशिक जिल्ह्यातलेच उदाहरण घेऊ. वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. जन्म १५ ऑगस्ट १९२२, मृत्यू १५ मे २००४, नाशिकलाच. मुंबईला शिवडीच्या चाळीत राहत असताना कुणीतरी पत्र वाचून दाखवायला सांगितले, ते वाचता आले नाही, त्या शरमेतून त्यांनी मोठेपणी अक्षरे गिरवली, ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. १९४३ साली पहिले गाणे लिहिले, मग हजारो लिहिली. 'वाटचाल', 'मोहळ', 'हे गीत वामनाचे' हे संग्रह आले. हेही सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांचे पहिले लग्न टिकले नाही, त्या संसारातली मीरा नावाची मुलगी लहानपणीच गेली, पुढे शांताबाईंशी दुसरा संसार झाला, हे चरित्रात दोन ओळींत येते आणि तिथेच राहते. वामनदादांच्या गाण्याचा विचार करताना या दोन ओळी कुणी हाती घेतल्याचे मला दिसले नाही.

आता याच्या शेजारी प्रस्थापित मराठी कवितेची समीक्षा ठेवून पाहा. कवीचे पहिले प्रेम फसले, प्रेयसीचे लग्न दुसरीकडे झाले, पत्नी अकाली गेली, की ती घटना त्याच्या साऱ्या कवितेची किल्ली होते. विद्यापीठात त्यावर प्रबंध होतात, शतसांवत्सरिक अंक निघतात. रविकिरण मंडळातल्या कवींचे हृदय कधी, कुठे आणि कुणामुळे मोडले याचा तपशील आम्ही एम. ए. च्या परीक्षेसाठी पाठ केला आहे. वामनदादांचे घर मोडले, मूल गेले. त्यांना मात्र हृदय नसून फक्त निष्ठा होती, असे आपण गृहीत धरले. यात सवर्ण समीक्षेचा दोष जेवढा आहे तेवढाच आपलाही आहे. त्यांनी वामनदादांना कवीच मानले नाही, आपण त्यांना केवळ भीमकवी मानले. याच माणसाने 'सांगत्ये ऐका' या १९५९ च्या तमाशापटासाठी सासुरवाडीचे चावट, हसरे गाणे लिहिले होते हे सांगितले की आजही काही कार्यकर्त्यांच्या कपाळावर आठी पडते.

पण हे झाले पुरुषाचे. वामनदादांना निदान गाणे हाती होते, ढोलकी होती, गावोगावचे श्रोते होते. घर मोडलेल्या बाईच्या हाती काय होते, हा माझ्यापुढचा खरा प्रश्न आहे. तो नीट मांडायचा तर आधी घर मोडण्याचा आपल्याकडचा इतिहास पाहावा लागतो.

सवर्णांचे लग्न सात जन्मांचे. ते मोडत नसे, बाई मोडत असे. आपल्याकडे तसे नव्हते. पंचांसमोर गवताची काडी मोडली की संबंध तुटला, म्हणून काडीमोड. त्यानंतर बाईला पाट लावता येई, मोहतूर लागे. ज्या काळात ब्राह्मण विधवेच्या पुनर्विवाहावरून पुण्या-मुंबईत रणे माजत होती, त्या काळात आपल्या वस्तीतली बाई दुसऱ्यांदा संसार थाटत होती आणि त्यावर कुणी निबंध लिहीत नव्हते. यावरून आपल्याकडे बायकांचे राज्य होते असे समजण्याचे कारण नाही. पंच पुरुषच असत. लग्नाचा खर्च परत मागितला जाई. पोरे बापाकडे राहत. सासरहून पळून आलेल्या कोवळ्या सुनेच्या पायात लाकडाचा खोडा कसा घालीत, हे बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' मध्ये लिहिले आहे. ते वाचल्यावर काडीमोडीचे गोडवे गायचे धाडस होत नाही. पण वाट होती. अरुंद होती, काट्यांची होती, तरी होती.

ही वाट कायद्याने रुंद करावी अशी मागणी आपल्या बायकांनी फार लवकर केली. जुलै १९४२ मध्ये नागपूरला अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. त्या परिषदेत बायकोला घटस्फोटाचा हक्क कायद्याने मिळावा आणि एकाहून अधिक बायका करण्याची चाल बंद व्हावी असे ठराव झाले. हिंदू विवाह कायदा आला १९५५ साली. म्हणजे संसदेने जे कापूसकोंड्याची गोष्ट करीत, टप्प्याटप्प्याने, नाइलाजाने मान्य केले, ते गिरणीत काम करणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या बायकांच्या परिषदेने तेरा वर्षे आधी मागितले होते. मधल्या काळात बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी काय सोसले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा का दिला, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको. १९५५ च्या कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमाने रूढीने मिळणारी काडीमोडही मान्य ठेवली. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे.

मग झाले काय? कायदा आला, शाळा आल्या, नोकऱ्या आल्या, आणि त्याबरोबर पांढरपेशांची इभ्रतही आपल्या घरात आली. शिकलेल्या घरात पाट लावणे मागासपणाचे ठरले. काडीमोड म्हणायची लाज वाटू लागली. कोर्टात जायला पैसा नाही, पंचांकडे जायला तोंड नाही. मग बाई ना नांदती, ना सुटी. नवरा दुसरी करून मोकळा, ही माहेरच्या ओसरीवर. २०११ च्या जनगणनेत देशात घटस्फोटित म्हणून नोंदलेली माणसे सुमारे १३.६ लाख होती, आणि विभक्त म्हणून नोंदलेली ३५ लाखांच्या आसपास, जवळजवळ अडीचपट. ज्या देशात कागदावर सुटलेल्यांपेक्षा कागदाविना तुटलेली माणसे इतकी जास्त, तिथे 'घटस्फोट' हा शब्द शहरी आहे. आपला शब्द आहे 'टाकलेली'. आमच्या सिन्नरला लागून असलेल्या संगमनेरात १९८८ साली ॲडव्होकेट निशा शिवूरकर आणि त्यांच्या साथींनी परित्यक्तांची परिषद घेतली तेव्हा हा शब्द प्रथमच ओसरीवरून मांडवात आला. पुढे 'लढा टाकलेल्या स्त्रियांचा' या नावाने त्यांनी तो सारा लढा पुस्तकात मांडला.

आता गाण्याकडे येऊ. जात्यावर बसणाऱ्या बाईला ओवी होती. गी पॉइटव्हिन आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्यांतल्या पुष्कळ आज ध्वनिमुद्रणांसह उपलब्ध आहेत. तो साठा चाळताना लक्षात येते की बाई ओवीत नवऱ्याशी क्वचितच भांडते. ती भावाला सांगते, आईला सांगते, आणि जेव्हा दुःख कुणालाच सांगण्यासारखे नसते तेव्हा सीतेला सांगते. सीता म्हणजे टाकलेली. गरोदर असताना रानात सोडलेली. ओवीतल्या सीतेच्या गोष्टीत राम पुष्कळदा गुन्हेगारासारखा उभा असतो. बाईला त्याच्या देवपणाशी कर्तव्य नसते, तिला त्याचा नवरेपणा माहीत असतो.

नाशिकच्या माणसाला यातली गंमत, आणि गमतीखालची जखम, चटकन कळेल. पंचवटीत सीतागुंफा आहे आणि तिच्या जवळच काळाराम मंदिर आहे. त्या मंदिराच्या दारात २ मार्च १९३० पासून आपली माणसे बसली, बायकाही बसल्या, तुरुंगातही गेल्या, आणि १९३५ पर्यंत लढूनही दार उघडले नाही. त्या काळात जी बाई दिवसा रामाच्या दारात लाठी खात होती, तीच पहाटे जात्यावर रामाच्या बायकोचे दुःख गात असली पाहिजे. तिला त्यात विसंगती वाटली नसेल. देव बंद दाराआड होता, त्याने टाकलेली बाई तिच्या बाजूला होती.

१९३५ च्या ऑक्टोबरात येवल्याची घोषणा झाली, १९५६ साली धम्मदीक्षा झाली. बावीस प्रतिज्ञांत राम-कृष्णांना देव न मानण्याची प्रतिज्ञा आहे. ती योग्यच होती. पण राम घराबाहेर गेला तेव्हा त्याच्यामागून सीताही गेली, आणि सीतेबरोबर टाकलेल्या बाईचे एकुलते एक गाणेही गेले. त्याच सुमारास पिठाची गिरणी गावोगाव आली, जाते कोपऱ्यात गेले. एकाच पिढीत बाईच्या गाण्याचा विषयही गेला आणि वेळही गेली.

रिकाम्या जागी रमाई आली. रमाईवरची गाणी मला तोंडपाठ आहेत; ती ऐकतच आम्ही वाढलो. चार लेकरे पुरली, शेण्या थापल्या, उपाशी राहिली, नवरा परदेशी शिकत असताना घर ओढले, आणि २७ मे १९३५ ला गेली. या बाईपुढे मान लवणार नाही असा माणूस नसेल. प्रश्न रमाईचा नाही, तिच्यावरच्या गाण्याने आपण काय काम करून घेतो याचा आहे. रमाईला टाकलेले नव्हते. तिचे कष्ट एका महान माणसाच्या महान कामासाठी होते आणि त्या माणसाने त्याची कृतज्ञता पुस्तकाच्या अर्पणपत्रिकेत नोंदवली. ज्या बाईचा नवरा दारू पितो, मारतो, दुसरी घेऊन राहतो, तिला आपण तेच गाणे ऐकवतो. ती ऐकते, रडते, हलकी होते. आणि सोसले पाहिजे असे मानून घरी जाते. नवरा बाबासाहेब नसतो; बाईने मात्र रमाई व्हायचे असते.

इथे मला एका परक्या मुलखातल्या गाण्याची आठवण होते. अमेरिकेत 'कंट्री' म्हणून गाण्याचा एक प्रकार आहे. आपले लेखक १९७२ नंतर तिकडच्या काळ्यांच्या साहित्याकडे वळले, ब्लूजविषयी आपण थोडेफार वाचले. कंट्री मात्र गोऱ्या खेडवळांचे म्हणून आपण सोडून दिले. खरे तर या दोन गाण्यांची मुळे एकमेकांत गुंतलेली आहेत. कंट्रीचे मुख्य वाद्य बँजो आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे. हँक विल्यम्स या त्यातल्या सर्वांत मोठ्या गायकाला अलाबामात लहानपणी गिटार शिकवली ती रूफस पेन या काळ्या रस्त्यावरच्या गवयाने. पण १९२० नंतर रेकॉर्ड कंपन्यांनी बाजार वाटून घेतला : काळ्यांचे गाणे एका यादीत, गोऱ्या खेडुतांचे दुसऱ्या. नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ कार्यक्रमात माउथ ऑर्गन वाजवणारा डिफोर्ड बेली हा काळा कलावंत सुरुवातीपासूनचा लाडका. १९४१ साली त्याला काढून टाकले. जात कशी चालते हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

तर या कंट्रीचा मोठा विषय म्हणजे मोडलेले घर. हँक विल्यम्सचा घटस्फोट झाला १९५२ साली. १ जानेवारी १९५३ ला तो एकोणतिसाव्या वर्षी मेला, आणि बेइमान प्रेयसीला उद्देशून असलेले त्याचे गाणे त्याच्या मरणानंतर घराघरांत वाजले. ट्रक चालवणारे, खाणीत उतरणारे, कापूस वेचणारे लोक ते ऐकत. त्यांना त्यातून क्रांती मिळाली नाही. मिळाले ते एवढेच की आपले घर मोडले ही आपल्या एकट्याची नालायकी नाही. दुसऱ्या कुणाचेही मोडते, आणि ते सुरात सांगता येते. गरीब माणसाला हे थोडे नसते.

पण मला त्यातल्या बायका महत्त्वाच्या वाटतात. १९५२ साली पुरुषांच्या एका गाण्यात बाईला घरबुडवी म्हटले होते. त्याला किटी वेल्स या बाईने उलट गाण्याने उत्तर दिले : बायका बिघडतात याला देव नाही, पुरुष जबाबदार आहेत, असा त्याचा आशय. काही रेडिओंनी ते वाजवायला नकार दिला तरी ते त्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. आपल्या सवाल-जबाबाशी, कव्वालीच्या मुकाबल्याशी याचे नाते लगेच दिसते. फरक असा की आपल्या मुकाबल्यात बाईच्या तोंडचा जबाबही पुरुषच लिहितो. अर्थात किटी वेल्सचे गाणेही पुरुषानेच लिहिले होते, हे नमूद केले पाहिजे. स्वतः लिहून स्वतः गाणारी आली ती लोरेटा लिन. केंटकीच्या खाणकामगाराची मुलगी, पंधराव्या वर्षी लग्न. पुढे १९७५ साली तिने गर्भनिरोधक गोळीवर गाणे आणले तेव्हा पुष्कळ रेडिओंनी त्यावर बंदी घातली.

आणि टॅमी विनेट. मिसिसिपीची, लहानपणी कापूस वेचलेली, केशकर्तनाचे काम केलेली, आयुष्यात पाच लग्ने झालेली बाई. १९६८ या एकाच वर्षात तिची दोन गाणी गाजली. एक घटस्फोटाचे, त्यात आई 'डायव्होर्स' हा शब्द एकेक अक्षर सुटे करून उच्चारते, कारण जवळ बसलेल्या चार वर्षांच्या पोराला तो कळू नये. दुसरे 'स्टँड बाय युवर मॅन', म्हणजे काही झाले तरी आपल्या माणसाला सोडू नकोस. गंमत अशी की घटस्फोटाचे गाणे दोन पुरुषांनी लिहिले होते, आणि सोडू नकोस हे लिहिण्यात तिचा स्वतःचा हात होता. एकाच गळ्यातून दोन्ही. आमची रमाईची गाणी हा आमचा 'स्टँड बाय युवर मॅन' आहे, असे मी म्हटले तर कुणी रागावू नये. फरक हा की टॅमीकडे दुसरे गाणेही होते. ऐकणारीला निवड होती. आमच्या बाईला एकच कॅसेट.

ते अक्षरे सुटी करण्याचे गाणे मी वर्गात विद्यार्थ्यांना समजावून सांगितले तेव्हा माझ्या मनात भलतेच आले. आई शिकलेली आणि पोर निरक्षर, अशा घरातच ती युक्ती चालते. आमच्या घरात उलटे होते. मी दहावीला असताना माझ्या मावशीला नवऱ्याच्या वकिलाची नोटीस आली. नवऱ्याने दुसरी आणून ठेवलेली, आणि नोटीस अशी की तू विनाकारण घर सोडून गेलीस, पंधरा दिवसांत नांदावयास यावे. घरात इंग्रजी शब्दांना न अडखळता वाचणारी मीच. मावशी म्हणाली, "वाच गं पोरी, सगळं वाच, मधलं गाळू नको." मी वाचले. तिच्या चारित्र्यावरचे एक वाक्य होते, तेही वाचले. अक्षरे सुटी करून तिच्यापासून काही लपवावे असे वय नव्हते माझे, आणि लपवून चालणारही नव्हते. उत्तर द्यायचे होते. पहिल्या पिढीत शिकलेल्या मुलींनी काय काय वाचले आहे, याचा एक वेगळाच साहित्येतिहास होईल. त्या संध्याकाळी मावशीने टेपवर रमाईची गाणी लावली. दुसरे लावण्यासारखे काही नव्हते.

कुणी म्हणेल, लावणी होती की! विरहाची लावणी कमी आहे का? आहे, पण ती कुणाची? संगमनेरजवळच्या हिवरगावची पवळा, महारवाड्यातली पोर, तमाशाच्या बोर्डावर गाजली. तिच्यासाठी श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी जात सोडून पठ्ठे बापूराव झाले. पुढे दोघांची ताटातूट झाली. बापूरावांची प्रीती, त्यांचा त्याग, त्यांची उतरती कळा, सगळे लिहिले गेले. त्यांच्या लावण्या छापल्या गेल्या. पवळेने ती ताटातूट कशी सोसली, ती स्वतःशी काय गुणगुणत होती, याचे एक अक्षर नाही. विरहिणीचे गाणे तिच्या तोंडी घालून त्यावर दौलतजादा झाला, आणि तिचा स्वतःचा विरह कुणी विचारला नाही. लावणीतली बाई पुरुषासाठी झुरते आणि पुरुषच ते ऐकायला बसलेला असतो. टाकलेल्या बाईला ते गाणे घरी नेता येत नाही.

गद्यात आपण बरेच पुढे आलो हे मान्य केले पाहिजे. बाबूराव बागुलांनी, तेही नाशिकचेच, 'आई' या कथेत एकट्या बाईच्या देहाची भूक आणि तिच्या पोराचा संशय असा समोरासमोर उभा केला की अजून वर्गात ती कथा शिकवताना शांतता पसरते. १९८४ साली मल्लिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' आले. शाहीर अमर शेखांची ही मुलगी. घरात गाणे मुरलेले. तिला आपल्या लग्नाची होरपळ सांगायची झाली तेव्हा तिने आत्मकथन लिहिले, आणि त्याची चर्चा बराच काळ नवऱ्याच्या नावाभोवतीच फिरत राहिली. शाहिराच्या मुलीला त्या दुःखासाठी शाहिरी का वापरता आली नाही? मला वाटते, आत्मकथन एकटीने लिहिता येते. गाण्याला कोरस लागतो, ढोलकीवाला लागतो, मंडप लागतो, पावती फाडणारे मंडळ लागते. आणि ज्या मंडळाचा अध्यक्ष बायको टाकून बसला आहे त्याच्या मंडपात टाकलेलीचे गाणे कोण म्हणणार?

सीता परत आणा असे मी म्हणत नाही. गरजही नाही, कारण आपल्याकडे तिच्याहून जुनी आणि तिच्याहून मोकळी साक्ष आहे. थेरीगाथा हे खुद्दकनिकायातले भिक्षुणींच्या गाथांचे पुस्तक आपल्या कित्येक विहारांत कपाटात असते आणि कपाटातच राहते. त्यात मुत्ता नावाची थेरी आहे. तीन वाकड्या गोष्टींतून सुटले, असे ती सांगते : एक उखळ, दुसरे मुसळ, तिसरा वाकडा नवरा. जन्ममरणातून सुटल्याचा आनंदही ती सांगते, पण आधी उखळ-मुसळ. स्वयंपाकघरातून सुटलेल्या बाईचा एवढा रोकडा आनंद मी इतर जुन्या वाङ्मयात वाचलेला नाही. आणि त्यातच इसिदासी आहे. उज्जैनच्या व्यापाऱ्याची मुलगी, पहिल्या नवऱ्याची दासीसारखी सेवा केली, तरी त्याने टाकले, दुसऱ्याने टाकले, तिसरा तर बापाने हात धरून घरात बसवलेला भिक्षेकरी, तो पंधरा दिवसांत आपले भांडे परत मागून निघून गेला. तीनदा टाकलेली ही बाई पाटलिपुत्राजवळ दुसऱ्या एका भिक्षुणीला आपली कथा सांगते. ऐकणारी बाईच आहे. हे मला फार मोलाचे वाटते. भाऊ नाही, देव नाही, श्रीमंत आश्रयदाता नाही. दुपारचे जेवण झाल्यावर निवांत बसलेल्या दोन बायका.

इसिदासीच्या गाथेत एक दोषही आहे, आणि तो झाकून ठेवू नये. आपल्याला तीनदा टाकले गेले याचे कारण ती पूर्वजन्मात शोधते : मागल्या कुठल्या जन्मी ती परस्त्रीच्या मागे लागणारा सोनार होती म्हणे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये पूर्वजन्मीच्या कर्माच्या या हिशेबाला धम्मात जागा ठेवली नाही. माझ्या मावशीला टाकले त्याला कुठलाही सोनार जबाबदार नव्हता. तेवढा भाग बाजूला ठेवून इसिदासीची गोष्ट आज कुणी गाण्यात बांधली तर ते गाणे कसे होईल, याची मला उत्सुकता आहे. सांत्वन ऐकणारीला परत उखळापाशी नेऊन बसवते की उखळापासून उठवते, एवढे पाहिले की त्याची पारख होते. मुत्तेचे सांत्वन उठवणारे आहे.

गेल्या एप्रिलमध्ये नाशिकरोडला जयंतीच्या एका कार्यक्रमानंतर मी गायन पार्टीतल्या एका बाईंशी बोलले. वीस वर्षे गातात, स्वतः नवऱ्यापासून वेगळ्या राहतात, दोन पोरे गाण्यावर शिकवली. त्यांना विचारले, "ताई, घर मोडलेल्या बाईवर तुमच्याकडे एखादे गाणे आहे का?" त्या हसल्या. म्हणाल्या, "मॅडम, असलं गाणं कोण मागतंय? चिठ्ठी रमाईचीच येती." मग थोड्या वेळाने, तबलजी सामान गाडीत चढवीत असताना, हलक्या आवाजात म्हणाल्या, "रातच्याला गाडीतनं येताना आम्ही बाया बाया म्हनतो की एक. आमचंच जोडलेलं. डायरीत न्हाई ते." मी ते लिहून घ्यायला मागितले. त्यांनी तबलजीकडे एकदा पाहिले, आणि जूनमध्ये मोसम संपला की घरी या म्हणाल्या.